साडेतीन वर्षांचा मुलगा, टॅब आणि वर्षाचं पॅकेज

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही बार्शीला राहतो, एकत्र कुटुंब आहे. मी घरूनच दोन व्यापाऱ्यांचे हिशोब आणि जीएसटीची कामं बघते. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. पुण्याच्या मोठ्या जाऊबाईंची मुलगी साडेचारची. ती एका ऑनलाइन अर्ली लर्निंग प्रोग्रॅमवर शिकून इंग्रजी शब्द वाचायला लागली, म्हणून आम्हीही सात दिवसांची ट्रायल घेतली आणि मग महिन्याचे ५९९ भरले. रोज पाऊण तास टॅबवर अक्षरं, आकडे, रंग, कोडी, गाणी असं असतं. पहिला आठवडा स्वारी खूश होती. आता अक्षरांचा भाग आला की पुढे ढकलतो, फुगे फोडायचा खेळ तेवढा पुन्हा पुन्हा लावतो आणि टॅब काढून घेतला की जमिनीवर लोळण घेतो. पण एक ते वीस इंग्रजीत म्हणतो, रंगांची नावं सांगतो, त्यामुळे फायदा होतच नाही असंही म्हणवत नाही. कंपनीच्या काउन्सेलरचे सारखे फोन चालू आहेत. मेंदूची नव्वद टक्के वाढ पाच वर्षांपर्यंतच होते, हीच वेळ आहे, महिनाअखेरपर्यंत वर्षाचं पॅकेज ११,९९९ ला मिळेल वगैरे. मिस्टर म्हणतात, घेऊन टाक. सासूबाई म्हणतात, ते खूळ बंद करा आणि पोराला अंगणवाडीत घाला. मी कामाला बसते तेव्हा तो टॅबवर असला की मला तास मिळतो, हेही खरं आहे. काय करू? मुलगा मागे तर नाही ना पडणार?

– एक आई, बार्शी

उत्तर

ताई,

पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: तो टॅबवर असला की मला तास मिळतो. तिथूनच सुरुवात करू, कारण तुमच्या घरच्या दोन वेगळ्या गरजा एकाच टॅबमध्ये जाऊन बसल्या आहेत. तुम्हाला कामासाठी निवांत तास हवा आहे आणि मुलानं शिकावं असंही वाटतंय. कंपनीनं दोन्हींचं मिळून एकच बिल लावलंय. तुमच्या गरजेत लाजण्यासारखं काही नाही. रिटर्न भरताना साडेतीन वर्षांचं पोर मांडीवर चढून कीबोर्ड बडवायला लागलं तर काय होतं, हे ज्याला माहीत आहे तो तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण त्या तासाला शिक्षण म्हणू नका. त्या तासात मूल गुंतलेलं असतं, इतकंच. आणि नुसतं गुंतवून ठेवायचे बारा हजार म्हणजे फारच झाले.

माझं मत आधीच सांगते. वर्षाचं पॅकेज घेऊ नका. भरलेला महिना मात्र पुरेपूर वापरा, फक्त वापरायची पद्धत बदला. प्रोग्रॅम मुलाचा आहे असं न धरता तो तुमचा आहे असं धरा. या वयात असले प्रोग्रॅम चालतात ते शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाच्या जिवावर. शेजारी कोणी नसेल तर शेवटी फुगेच उरतात, आणि तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

आता ते एक ते वीस. आज रात्री पानं घ्यायच्या वेळी त्याला सहज सांगा, "आपण पाच जण जेवणार, पाच चमचे आण बरं." परीक्षा घेतोय असा सूर नको. बहुतेक तो मूठभर चमचे घेऊन येईल. मग म्हणा, "मोज." तो वन, टू, थ्री म्हणत चमच्यांवरून बोट फिरवेल, पण बोट आणि आकडा यांची गाठ पडणार नाही. बोट तिसऱ्या चमच्यावर असताना तोंडात फाइव्ह असेल, किंवा एकच चमचा दोनदा मोजला जाईल. मोजून झाल्यावर "मग किती झाले?" असं विचारलंत, तर उत्तर द्यायचं सोडून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागेल. यात घाबरण्यासारखं काही नाही. या वयाची कितीतरी मुलं असंच करतात. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, आणि शेवटी जो आकडा येतो तीच सगळ्यांची मिळून संख्या, या दोन गोष्टी उमगायला मुलांना बराच काळ लागतो. उमगतात त्या वस्तू हातात घेऊन, इकडून तिकडे सरकवून, चुकून, परत मोजून. वीसपर्यंत म्हणून दाखवणं हे पाठांतर झालं. पाठांतर वाईट नाही, आपली सगळी बडबडगीतं पाठांतरच आहेत. पण त्यावरून त्याला गणित यायला लागलं असं समजू नका, आणि त्याच्या जोरावर पैसे तर अजिबात भरू नका.

हाच धडा टॅबवर कसा असतो ते एकदा बारकाईनं बघा. पाच सफरचंदं दिसतात. मुलानं बोट लावलं की सफरचंद उडी मारतं आणि आवाज येतो, "वन." लावलेलं सफरचंद टोपलीत जातं, म्हणजे ते दोनदा मोजलं जायची सोयच नाही. एखादं राहून गेलं तर तेच लुकलुकायला लागतं. म्हणजे चुकण्याच्या जितक्या जागा होत्या तितक्या सगळ्या प्रोग्रॅमनं आधीच बुजवून ठेवल्या. मोजलं कोणी? सफरचंदांनी. मुलानं काचेला पाच वेळा बोट लावलं आणि त्याला तारा मिळाला.

तीन चित्रांतून एक निवडायचं असतं, तिथेही हीच गत. चुकीच्या चित्रावर बोट लावलं की 'टुंग' वाजतं आणि परत संधी मिळते. दोन-तीन दिवसांत पोरांच्या लक्षात येतं की तिन्ही चित्रांवर भराभर बोट मारलं की त्यातलं एक लागतंच. ही त्यांची हुशारीच म्हणायची, पण प्रोग्रॅम शिकवतोय ती हुशारी ही नव्हे. तुम्हाला आलेल्या रिपोर्टमध्ये मात्र त्या धड्यासमोर हिरवी खूण असते. म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवा आणि एक दिवस त्याच्या शेजारी बसून स्क्रीन सोडून त्याच्या बोटाकडे बघा. प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच बोट निघालं, तर तो ऐकत नाहीये. प्रश्न ऐकून थांबला, तुमच्याकडे बघितलं, मनाशी काही पुटपुटला आणि मग बोट लावलं, तर तो धडा त्याच्या कामाचा आहे. तासभर असं बघितलंत तरी काउन्सेलरला माहीत नाही ते तुम्हाला माहीत होईल.

अक्षरांचा भाग तो पुढे ढकलतो म्हणता. त्या बाबतीत मी त्याच्या बाजूनं आहे. साडेतीन हे अक्षरं गिरवायचं वय नव्हे. आपल्याकडच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा सलग एक टप्पा धरलाय, आणि त्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात सगळा भर खेळ, गोष्टी, गाणी, गप्पा आणि हातांच्या कामावर आहे. लिहिण्याआधी बोटांत जोर यावा लागतो, आणि काचेवर बोट फिरवायला जोर लागतच नाही. तो येतो कणकेचा गोळा मळून, मटार सोलून, लसणाच्या पाकळ्या सुट्या करून, जाड खडूनं फरशीवर रेघोट्या ओढून. वाचण्याआधी कानात भाषा साठावी लागते. तुमचा मुलगा संध्याकाळी गच्चीवरून खाली आल्यावर "काय झालं रे वर?" असं विचारलं तर चार वाक्यांत सांगतो का? आधी काय झालं, मग काय झालं, मांजर का पळालं? त्याला पुढे वाचता येईल की नाही याचा अंदाज मला ए-बी-सी-डीपेक्षा या उत्तरावरून जास्त येईल. आणि हे उत्तर मराठीतच यायला हवं, कारण तीच त्याच्या घरची भाषा आहे. (या प्रोग्रॅमांतली इंग्रजी गाणी बरेचदा थेट अमेरिकन असतात. तिथे 'हॉट' म्हणताना 'हाट' ऐकू येतं, इकडे आजोबा म्हणतात 'हॉट', आणि पोरगं दोघांच्या तोंडाकडे बघत बसतं. मोठेपणी याचं काही वाटत नाही, पण आवाजावरून अक्षर ओळखायला शिकवण्याच्या वेळी हा गोंधळ कशाला हवाय?)

काउन्सेलरचं ते नव्वद टक्के. मेंदूचा आकार पाच-सहा वर्षांपर्यंत मोठ्या माणसाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास जातो, हे खरंच आहे. पण तो जातो खाण्यापिण्यानं, झोपेनं, कोणी तरी सतत बोलतंय, कडेवर घेतंय, अंगणात सोडतंय याने. बार्शीत जातो तसाच तो नंदुरबारच्या पाड्यावरही जातो. आकार वाढणं वेगळं आणि शिकणं संपणं वेगळं. मेंदूची घडण पार विशीपर्यंत चालू असते. खरं विधान घ्यायचं आणि त्याला महिनाअखेरची मुदत चिकटवायची, ही विक्रीची जुनी तऱ्हा आहे. पुढच्या वेळी फोन आला की एवढंच विचारा, "त्या नव्वद टक्क्यांतले तुमच्या प्रोग्रॅमचे किती?"

जाऊबाईंच्या मुलीचं सोडून द्या. ती त्याच्यापेक्षा एक वर्षानं मोठी आहे. या वयात एक वर्ष म्हणजे जवळपास वेगळी इयत्ता. शिवाय तिच्या शेजारी कोण बसत होतं, हे कोणी विचारलंय का? मला तरी वाटतं, जाऊबाई स्वतः बसत असणार.

वेळेचं पाहू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त १ तास आहे आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगलं, असं म्हटलंय. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा, दोन ते पाच वर्षांसाठीचा सल्लाही तासाभराचाच आहे. आता हिशोब तुम्हीच करा, तो तर तुमचा व्यवसाय. पाऊण तास प्रोग्रॅम, जेवताना लावलेलं कार्टून, आजोबांच्या मोबाइलवरचे व्हिडिओ. तास कधीच ओलांडला असेल. त्याच सूचनांमध्ये या वयाला दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे आणि १० ते १३ तास झोप. स्क्रीनची चर्चा सगळे करतात, या तीन तासांची फारशी कोणी करत नाही. माझ्या लेखी स्क्रीनचा मोठा तोटा डोळ्यांपेक्षाही हा आहे की ती हे धावण्याचे तास खाते.

आणखी एक आठवण करून देते. कोविडमध्ये जेव्हा सगळंच ऑनलाइन होतं, तेव्हासुद्धा केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनी पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांवर जाऊ नका, असं सांगितलं होतं. तीही होती पालकांशी बोलण्यासाठी, त्यांना काय करायचं ते सांगण्यासाठी. शाळा बंद असताना जे अर्ध्या तासात बसवलं, ते आता शाळा, अंगण, आजी-आजोबा सगळं असताना पाऊण तासाचं कसं झालं?

मग हे प्रोग्रॅम सगळे बिनकामाचे का? तसं मी म्हणणार नाही. अमेरिकेत युटा राज्यानं २००९ पासून 'अपस्टार्ट' नावाचा घरबसल्या प्रोग्रॅम सरकारी खर्चानं चालवलाय. तो शाळेत जायच्या आदल्या वर्षासाठी आहे, म्हणजे साधारण चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी. वाचनाच्या पूर्वतयारीत त्याचा उपयोग झाल्याचे अहवाल आहेत. त्याचा मूळ आग्रह किती वेळाचा आहे? दिवसाला १५ मिनिटं, आठवड्यातले ५ दिवस. आणि पालकांनी सोबत राहायचं. तरीही २०१८ मध्ये तिथल्या शंभरावर बालशिक्षण तज्ज्ञांनी आणि संस्थांनी मिळून 'ऑनलाइन बालवाडी' या कल्पनेलाच विरोध करणारं निवेदन काढलं. त्यांचं म्हणणं असं की मुलांना खेळ आणि माणसं मिळायला हवीत, गरिबांच्या मुलांना तर आधी. म्हणजे त्यातल्या त्यात नीट चाललेला प्रोग्रॅमसुद्धा पंधरा मिनिटांचा आहे आणि त्यावरही वाद आहे. तुमच्याकडे पाऊण तास मागितला जातोय, तोही साडेतीन वर्षांच्या मुलाकडून.

माणसाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१४ मध्ये अमेरिकेतच दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. काही मुलांना नवे शब्द समोर बसून शिकवले, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवर. समोरासमोर शिकलेली आणि कॉलवर शिकलेली मुलं ते शब्द शिकली, चित्रित व्हिडिओवाली नाही. स्क्रीन तर कॉलवरही होतीच. फरक एवढाच की कॉलवरची बाई मुलाच्या बोलण्याला, हसण्याला, गप्प बसण्याला उत्तर देत होती. प्रोग्रॅममधला अस्वल मामा कितीही गोड बोलला तरी तुमच्या मुलानं "आमच्याकडे पण मांजर आहे" असं म्हटलं, तर त्याला ते ऐकू येत नाही. ते ऐकणारं कोणी तरी शेजारी असलं की त्याच व्हिडिओचा धडा होतो.

तेव्हा उरलेल्या महिन्यात असं करून बघा. रोज पंधरा मिनिटं, तुम्ही शेजारी. आदल्या रात्री तो झोपल्यावर दुसऱ्या दिवसाचा भाग तुम्ही एकटीनं बघून ठेवा आणि त्यातलं एकच काही निवडा. समजा, रंग आणि गटवारी निवडली. त्याच्याबरोबर बसून तो भाग बघा, मध्येच थांबवा, "आपल्या घरात असलं पिवळं काय आहे रे?" म्हणून विचारा. संपला की टॅब कपाटात. मग स्वयंपाकघरात एका ताटात राजमा, काबुली चणे आणि वाल मिसळून ठेवा, तीन वाट्या द्या आणि म्हणा, "एकेक वाटीत एकेक घाल." काही सुचवू नका. बघा काय करतो. आधी रंगानं लावेल, मध्येच आकारानं लावायला लागेल, एखादा फुटका चणा हातात घेऊन "हा कुठे?" म्हणून विचारेल. त्या फुटक्या चण्यावर दोघांची पाच मिनिटं चर्चा झाली तर तुमचे त्या दिवसाचे वीस रुपये वसूल. (मूग-मसूर असलं बारीक काही देऊ नका आणि शेजारून हलू नका. या वयात नाकात काहीही जातं आणि मग दवाखान्यात धावावं लागतं.)

पंधरा दिवसांनी तुमच्या लक्षात येईल की ताटातल्या खेळाची कल्पना तुम्हाला प्रोग्रॅममधून मिळाली खरी, पण शिकणं ताटात झालं. अशा कल्पना फुकटही मिळतात. आपल्याकडच्या अंगणवाड्यांत रॉकेट लर्निंग नावाची संस्था काम करते, तिचा मार्ग मला पटतो. सेविका आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर छोटी कृती येते, पालक ती घरातल्या वस्तूंनी मुलाकडून करून घेतात. फोन मोठ्यांच्या हातात, वस्तू मुलाच्या हातात. तुमच्या अंगणवाडीत असा गट आहे का, सेविकाताईंना विचारा. वाचून दाखवायला मराठी चित्रगोष्टी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मोफत आहेत. इंग्रजी ॲपच हवं असं मिस्टरांचं म्हणणं असेल तर खान अकॅडमी किड्स मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत. पंधरा मिनिटांची अट त्यालाही लागू.

लोळण घेण्याबद्दल. असल्या खेळांना शेवट नसतो. एक फुगा फुटला की दुसरा वर येतो, एक लेव्हल संपली की पुढची आपोआप सुरू. त्यामुळे तुम्ही कधीही टॅब काढून घेतला तरी तो मधूनच काढून घेतलेला असतो. म्हणून वेळेऐवजी शेवट आधी सांगा: "हे एक कोडं झालं की तू बटण दाबून बंद करायचंस." बंद त्यानंच करायचं, तुम्ही हिसकावायचं नाही. फुग्यांचा खेळ सुरूच करू नका. तरीही पहिले काही दिवस लोळण होईलच, कदाचित आधीपेक्षा मोठी. त्या वेळी टॅब परत हातात गेला नाही, एवढं पाळा. आणि हे आजोबांनाही पाळायला लागेल. ते काम माझ्या मते सगळ्यात अवघड आहे. सासऱ्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या मुलानं सांगितलेलं बरं. जेवताना आणि झोपेच्या आधी तासभर कुठलाच स्क्रीन नको.

सासूबाईंचं म्हणणं मला अर्ध्याहून जास्त पटतं. आपल्याकडे अंगणवाडी म्हटलं की खिचडी एवढंच डोळ्यांपुढे येतं, पण या कल्पनेची मुळं तुमच्या-माझ्या राज्यात आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, पुढे दोघी कोसबाडला गेल्या. मुलं वर्गात येत नव्हती तर वर्गच त्यांच्या अंगणात नेला. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडत नव्हतं, तर बिया, शिंपले, पानं, दगड यांचं साहित्य केलं. ताटातले राजमा आणि वाल मी सुचवले, ते याच परंपरेतले. अर्थात आजची प्रत्येक अंगणवाडी कोसबाड नसते. जाऊन अर्धा तास बसून या. सेविका मुलांशी बोलतात का, की नुसतं "गप्प बसा" चालू आहे? गाणी होतात का? खेळणी मुलांच्या हातात आहेत की कपाटात कुलूपबंद? संडासची सोय, रस्त्याची वर्दळ बघा. नीट वाटली तर घाला, नाही तर जवळची एखादी साधी बालवाडी बघा. तिथेही हेच प्रश्न. त्याला चार समवयस्क पोरं मिळतील, माझी पाळी-तुझी पाळी, भांडण, कट्टी-बट्टी हे सगळं मिळेल. टॅबवर पाळी नेहमी त्याचीच असते.

आणि तुम्हाला सकाळचे दोन-अडीच तास मिळतील, तेही अपराधी न वाटता. तरी जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखेला तुमची धांदल असणारच. त्या दिवशी खुशाल अर्धा तास एखादी मराठी गोष्ट टॅबवर लावून द्या, शेवट असलेली, आपोआप पुढची सुरू न होणारी. अभ्यास म्हणून देऊ नका, आज आईला काम आहे म्हणून द्या. त्यालाही ते कळतं.

मागे पडणार का? कोणाच्या मागे? पहिलीला जाईपर्यंत तो सहा वर्षांचा होईल, म्हणजे अजून अडीच वर्षं हातात आहेत. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला शिक्षणहक्क कायद्यानं बंदी आहे, तेव्हा कोणी "इंटरव्ह्यूला इंग्रजी यायला हवं" म्हणालं तर ती भीती मनावर घेऊ नका. काळजी कशाची करायची ते वेगळं आहे: मूल नावानं हाक मारल्यावर बघत नाही, तीन-चार शब्दांची वाक्यं बोलत नाही, इतर मुलांत अजिबात रमत नाही. असं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं, त्यात उशीर करायचा नाही. तुमच्या पत्रावरून तरी तसं वाटत नाही. जमिनीवर लोळण घेऊन तो स्वतःचं म्हणणं व्यवस्थित मांडतोय.

राहिले पैसे. महिन्याचे ५९९ तुम्ही ऑटोपेवर दिले असतील. ॲप टॅबवरून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथे तुमच्या प्रोफाइलमधल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन रद्द करायचं. यूपीआयवरून दिलं असेल तर त्या ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द करायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, तेव्हा ते मेसेज न बघता पुसू नका. हा घोळ फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. अमेरिकेत एबीसीमाऊस हा लहान मुलांचा प्रसिद्ध ऑनलाइन प्रोग्रॅम चालवणाऱ्या कंपनीवर, सदस्यत्व आपोआप वाढवल्याचा आणि रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगानं ठेवला होता. २०२० मध्ये कंपनीनं १ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. आपल्याकडेही २०२३ पासून असे सबस्क्रिप्शनचे सापळे अनुचित व्यापार पद्धतीत मोडतात.

काउन्सेलरला लांबण लावत बसू नका. "वर्षाचं घेणार नाही, पुन्हा फोन करू नका" एवढं मेसेजमध्ये लिहून पाठवा, म्हणजे लेखी राहील. रद्द करायला अडवाअडवी झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि रद्द झाल्याचा मेसेज आला की त्याचा स्क्रीनशॉट मिस्टरांच्या फोनवरही पाठवून ठेवा. पुढच्या महिन्यात पैसे कापले गेलेच, तर बँकेत तोच दाखवावा लागेल.